बरणीवर गुन्हा, डंपरला परवाना

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्यात हा वाद एकदा तरी होतोच. गच्चीवर किंवा पार्किंगच्या कडेला कुणीतरी कमळांसाठी कुंड बांधलेलं असतं. जूनचे दोन-चार पाऊस झाले की मुलं टेकडीच्या पायथ्याच्या डबक्यातून बरणीभर बेडकांची अंडी नाहीतर बेडूकमासे आणतात आणि कुंडात सोडतात. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम येऊन पडतं. ही शिकार आहे, तीन वर्षांची कैद होऊ शकते, वनखात्याला कळवायचं का? लगेच दुसरी बाजू सरसावते. आम्ही लहानपणी हेच केलं, बेडूक म्हणजे काय वाघ आहे का, मुलांना मोबाइलमधून बाहेर काढायचं की नाही? रात्री कुणीतरी पिवळ्याधमक बेडकांचा व्हिडिओ ‘ही कुठली परदेशी जात’ असं विचारत टाकतं आणि विषय तिथेच बुडतो. (ते बेडूक परदेशी नसतात. आपल्याच बुलफ्रॉगचे नर विणीच्या दिवसांत तसे पिवळे होतात, गळ्याच्या पिशव्या निळ्या होतात आणि वीण सरली की रंग उतरतो.)

दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर भांडतात : हा गुन्हा आहे की नाही? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बिनमहत्त्वाचा प्रश्न तोच आहे. अंडी आणू नयेत, याबद्दल मला शंका नाही. मात्र ती आणणाऱ्या पोराला किंवा त्याच्या आजोबांना गुन्हेगार म्हणणं हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. आपल्या कायद्याला बेडूक हातात घेणारा माणूस दिसतो. ज्या डबक्यात तो बेडूक जन्मतो त्यात मुरूम ओतणारा डंपर त्याला दिसत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू, कारण ग्रुपवर टाकलं जातं ते कलम बहुतेकांनी वाचलेलं नसतं. १९७२ च्या मूळ कायद्यात ‘प्राणी’ या व्याख्येत उभयचर होते, त्यांची पिल्लंही होती. अंडी मात्र फक्त पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची. म्हणजे कायदा झाला तेव्हा बेडकाची अंडी त्याच्या हिशेबातच नव्हती. २००२ च्या दुरुस्तीने ही व्याख्या रुंदावली आणि सगळ्याच प्राण्यांची पिल्लं आणि अंडी आत आली. शिकारीच्या व्याख्येत मात्र अंड्यांना इजा करण्याचा उल्लेख आजही पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांपुरताच आहे. पकडणं, सापळा लावणं हे शिकारीत मोडतं, तेव्हा बरणी बुडवणं म्हणजे पकडणं का, यावर दोन वकील दोन तास सहज भांडतील. शिवाय शिकारीवर बंदी घालणारं कलम ९ सरसकट सगळ्या जिवांना लागू नाही. परिशिष्टात, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या यादीत, ज्याचं नाव आहे त्यालाच ते लागू. जुन्या चौथ्या परिशिष्टात ‘राना वंशातले बेडूक’ एवढीच नोंद होती. भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडकाचा भाऊबंद, त्यात नव्हताच. दरम्यान वर्गीकरणशास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या बहुतेक जाती ‘राना’ वंशातून काढून दुसऱ्या वंशांत नेल्या, त्यामुळे कायद्यातलं नाव एक आणि डबक्यातला प्राणी दुसरा, अशी अवस्था कित्येक वर्षं होती. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी केली, सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखावर नेला, आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं. शिक्षा वाढली, पण शिक्षा कुणाला व्हायला हवी याचा विचार जुनाच राहिला.

आता असा कायदा चौथीतल्या मुलाकडून काय अपेक्षा करतो? बरणीतला काळा, शेपटीवाला, वाटाण्याएवढा जीव कोणत्या जातीचा, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. पुण्यातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जमिनीत पुरून घेऊन राहणाऱ्या बेडकाची ‘स्फेरोथेका पश्चिमा’ ही नवी जात जगासमोर मांडली. पुणे जिल्ह्यात सापडणारा हा बेडूक तोवर दुसऱ्याच नावाखाली मोजला जात होता. अभ्यासकांना जो वेगळा काढायला २०१७ उजाडलं, तो ओळखला नाही म्हणून कुणाला कैदेची भीती घालायची? रीतसर मार्ग आहे म्हणा. शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घेता येते. त्यांचं कार्यालय नागपुरात आहे. परवानगीचा कागद येईपर्यंत बेडूकमाशाची शेपटी गळून, पाय फुटून तो उड्या मारत निघून गेलेला असेल. आणि विदर्भात पाऊस लांबला की काठीला बेडूक बांधून धोंडी मागत फिरणाऱ्या मुलांचं काय करायचं? अख्खं गाव साक्षीदार आहे.

तरीही कायदा कडकच हवा म्हणणाऱ्यांच्या बाजूला एक जबरदस्त मुद्दा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. लहान अपवाद ठेवला की मोठा व्यापार त्यातून वाट काढतो. बेडकांच्या बाबतीत हे आपण भोगलेलं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातून वर्षाला हजारो टन बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेच्या ताटात जात होत्या. हे सगळे बेडूक शेतातून, ओढ्यातून, पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन, एक एक करून हाताने पकडलेले. पकडणारा प्रत्येक जण लहानच होता. एकेकाचं पोतं पाहिलं तर काहीच नव्हतं. पोती एकत्र आली तेव्हा भातशेतीतली कीड वाढते आहे, कीटकनाशकांचा खर्च वाढतो आहे, अशी ओरड सुरू झाली. १९८५ मध्ये बुलफ्रॉगसह दोन जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘सायटीस’ करारात आल्या, आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. मग ‘आम्ही घरापुरते घेतो’ या सबबीवर विश्वास का ठेवावा? गोव्यात आणि कोकणात पहिल्या पावसात अजूनही बुलफ्रॉग चोरून हॉटेलात जातात, तेव्हा तर नाहीच.

हा मुद्दा मला मान्य आहे. पण तो नेमकं काय सिद्ध करतो? बंदी कशावर यायला हवी होती, तर विक्रीवर आणि निर्यातीवर, आणि तिथेच ती आली. १९८७ च्या निर्णयाने काम केलं कारण त्याने बंदरावर घाव घातला. त्यानंतर हा धंदा बांगलादेशात आणि इंडोनेशियात सरकला, ही गोष्ट वेगळी. तीही मागणीचीच करामत. ब्रिटनचा १९८१ चा वन्यजीव कायदा याच दिशेने विचार करतो. तिथल्या साध्या बेडकाला आणि भेकाला त्याने विक्रीपासून संरक्षण दिलं. शेजारच्या तळ्यातून मूठभर अंडी नेणाऱ्याला हात लावला नाही. जे खरोखर दुर्मीळ आहेत, मोठा तुरेवाला न्यूट (शेपटीवाला उभयचर) किंवा नॅटरजॅक भेक, त्यांना पूर्ण कवच दिलं. त्यांना पकडायचंही नाही आणि त्यांच्या विणीच्या जागाही मोडायच्या नाहीत. तो कायदा आदर्श आहे असं नाही, पण पोरगं आणि व्यापारी यांच्यातला फरक कागदावर मांडता येतो, हे त्यावरून दिसतं. आपल्याकडेही पैसे, संख्या आणि जात या तीन गोष्टींवर रेघ ओढता येईल. ॲक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन देशी बेडूक, बेडूकमासे विकणाऱ्यावर जरूर धाड घाला. तिथे एक लाखाचा दंडही कमीच आहे.

इथवर ऐकून ‘आम्ही लहानपणी हेच केलं’वाले खूश झाले असतील. त्यांचाही मुद्दा कमकुवत नाही. निसर्गाच्या नादी लागलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. कुठेतरी एक बरणी असतेच. भेकाची मादी एका वेळी हजारो अंडी घालते. पाण्यात बुडलेल्या गवताला गुंडाळलेली लांब, पारदर्शक, चिकट दोरी आणि तिच्यात काळ्या ठिपक्यांची रांग, ती त्याचीच. त्यातले बहुतेक जीव पाणी आटून, पक्ष्यांच्या, पाणकिड्यांच्या पोटात जाऊन संपतात. मूठभर नेल्याने त्या जातीचं काही बिघडत नाही. हे अगदी खरं आहे. वजाबाकीचा हिशेब मांडला तर बरणी निर्दोष सुटते.

गोम आहे ती वाहतुकीत. बरणीत अंडी एकटी येत नाहीत. पाणी येतं, चिखल येतो, गोगलगायी येतात, डोळ्यांना न दिसणारी बुरशी येते. कायट्रिड नावाची एक बुरशी उभयचरांच्या कातडीवर वाढते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो, श्वासही घेतो. कातडीच बिघडली की त्याचं हृदय बंद पडतं. या बुरशीने जगभरात किमान ५०१ जातींची संख्या घटवली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं, असा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती एवढी पसरली कशी? बेडकांना स्वतःहून समुद्र ओलांडता येत नाही. माणसाने प्रयोगशाळेसाठी, ताटासाठी, हौसेसाठी उभयचर इकडून तिकडे नेले, त्यांच्यासोबत ती गेली. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर तिचा आशियाई वाण सापडल्याचं पुण्यातल्याच संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. आपल्याकडे अजून तिने मध्य अमेरिकेसारखा संहार केलेला नाही, पण एका ओढ्यातला रोग दुसऱ्या ओढ्यात पोचवण्याचं काम आपण का करायचं? ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात आग्नेय भागातल्या बागांमध्ये बेडूक डझनांनी मरून पडायला लागले. कारण रानाव्हायरस, उभयचरांना मारणारा विषाणू. बागेतल्या तळ्यांमधली अंडी, बेडूक आणि मासे एकमेकांना हौसेने देणाऱ्या माणसांनी तो पसरायला हातभार लावला. तिथल्या कायद्याने त्यांना अडवलं नव्हतं आणि त्यांच्या हेतूतही खोट नव्हती. कायदेशीर आहे म्हणून शहाणपणाचं ठरत नाही, एवढं ‘लहानपणी’वाल्यांनी इथून घ्यावं.

शिवाय अंडी कुणाची, याचा पत्ता नसतो. बुलफ्रॉगचे बेडूकमासे मांसाहारी असतात. त्यांना भेकाच्या बेडूकमाशांसोबत एका कुंडात सोडा, आठवड्याभरात कुंडात बुलफ्रॉगच उरतील. अंदमानात हा बेडूक मूळचा नव्हता. माणसाबरोबर तिथे पोचला आणि आता तिथल्या स्थानिक बेडकांच्या पिल्लांवर ताव मारतो आहे. आपला देशी, संरक्षित प्राणी आपल्याच देशाच्या दुसऱ्या तुकड्यात उपद्रवी ठरतो. याहून चांगला धडा कुठे मिळेल? आणि गच्चीवरच्या कुंडाचं बांधकामही बघा. ग्रॅनाइटच्या उभ्या, गुळगुळीत कडा, आत निळी फरशी. शेपटी गळताना पिल्लाला पाण्याबाहेर यावंच लागतं. उतार नाही, दगड नाही, तेव्हा ते बुडून मरतं. बाहेर आलंच तर समोर तापलेली गच्ची. मुलांना निसर्ग दाखवायचा म्हणून हे दाखवायचं?

मग बागेत तळं करूच नये का? जरूर करावं, फक्त जमिनीवर करावं, एक बाजू उतरती ठेवावी, कडेला दगड आणि गवत असू द्यावं आणि मासे सोडू नयेत. जवळपास ओढा किंवा मोकळी जमीन असेल तर पहिल्या दुसऱ्या पावसाळ्यात भेक आपणहून येतो. झाडबेडूक तर भिंत चढून येतो आणि पाण्याच्या वर, टाकीच्या कडेला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटवून जातो. लोक तो घाण समजून पाण्याच्या पाइपने धुऊन टाकतात. त्या फेसात अंडी असतात. पिल्लं तयार झाली की फेस ओघळतो आणि ती खाली पाण्यात टपकतात. एवढं बघायला मिळत असताना बरणी हवी कशाला? ‘पण डास?’ हा प्रश्न येणारच, आणि डेंग्यूच्या शहरात तो फालतू नाही. साचलेल्या पाण्यावरून महापालिका सोसायट्यांना नोटिसा देते, ते बरोबरच आहे. मात्र तिचा ठरलेला उपाय म्हणजे गप्पी मासे. गप्पी आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आणले, डासांसाठीच सोडला जाणारा दुसरा मासा, गंबुझिया, १९२८ मध्ये. दोन्ही परके, आणि गंबुझिया तर बेडकांची अंडी आणि बेडूकमासेही खातो. म्हणजे डासांच्या अळ्या खाणारे देशी पाणकिडे आणि डास टिपणारे बेडूक ज्या डबक्यात वाढतात, तिथे सरकारी खर्चाने परदेशी मासा सोडायचा, आणि त्याच डबक्यातून ओंजळभर पाणी काढणाऱ्या मुलाला कलम दाखवायचं. या विसंगतीवर ग्रुपवर कुणी काही टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

मूळ मुद्दा डबक्याचा आहे. पुण्याच्या बहुतेक बेडकांना वर्षभराचं पाणी लागत नाही. मे महिन्यापर्यंत ते मातीखाली, दगडाखाली, झाडाच्या मुळांशी असतात. जून-जुलैत दोन महिने पाणी धरणारा खड्डा, जुनी दगडाची खाण, ओढ्याच्या कडेचा सखल तुकडा, रिकाम्या प्लॉटचा कोपरा, एवढं त्यांना पुरतं. आणि नेमकी हीच जागा कोणत्याही कायद्यात बसत नाही. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्यासाठी-सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळतात. उरलेल्यांतलं हंगामी डबकं पाणथळ म्हणून कोण अधिसूचित करणार? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं दगावली. त्यानंतर ओढ्यांना भिंती घालण्याची घाई झाली. लोकांचा जीव वाचवणं आधी, यावर वाद नाही. पण उभ्या सिमेंटच्या भिंतींमध्ये जखडलेल्या ओढ्याला काठच उरत नाही, आणि काठ नसलेल्या ओढ्यात बेडूक वीण घालू शकत नाही, याची नोंद कुठल्या फायलीत झाली?

झाडांशी तुलना करून पाहा. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यामुळे शहरातलं झाड तोडण्याआधी त्याच्या बुंध्यावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. त्या प्रक्रियेची काय दुर्दशा आहे ते पुणेकरांना माहीत आहे, तरी प्रक्रिया आहे. हरकत घेणारा माणूस त्या कागदाच्या जोरावर महापालिकेत जाऊन उभा राहू शकतो. डबकं बुजवताना असा कागद कुठेच लागत नाही. राडारोड्याचे चार डंपर रात्री येतात, सकाळी जमीन सपाट. त्यात गाडले गेलेले हजारो बेडूकमासे कुणाच्या लेखी शिकार नसतात.

हात पकडायचा आणि कुऱ्हाड मोकळी सोडायची, ही सवय जुनी आहे. १८७८ च्या जंगल कायद्याने गावकऱ्याच्या मोळीवर आणि गुरांच्या चराईवर बंधनं आली, तर दुसरीकडे रेल्वेच्या स्लीपरसाठी जंगलं सरकारी शिक्क्यानिशी तोडली जात होती. शेतकऱ्यांची गायरानं आणि डोंगर खात्याने गिळले म्हणून महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये जंगलखात्यावर जी तोफ डागली, ती याच पुण्यातून. तेव्हाचं सरकार परकं होतं आणि हेतू महसुलाचा होता, आजचा कायदा खरोखर प्राण्यांसाठी आहे, हा फरक मी नाकारत नाही. पण ज्याच्याकडे वकील नाही त्याच्यावर नियम आणि ज्याच्याकडे आराखडा मंजूर आहे त्याला सूट, ही रचना ओळखीची वाटत नाही का?

एक अवघड प्रश्न उरतो आणि प्रामाणिक माणसं तो विचारतातच. सोमवारी डबकं बुजवणार हे शुक्रवारी कळलं, तर अंडी तशीच मरू द्यायची? माझं उत्तर : नाही, पण गच्चीवरही आणायची नाहीत. त्याच ओढ्याच्या काठावर, हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या डबक्यात न्यायची. दुसऱ्या खोऱ्यात, पाषाण तलावात किंवा मुठेत ओतायची नाहीत. आज असं करणारा माणूस कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो, ही खरी लाजिरवाणी गोष्ट आहे. त्याला जवळच्या वनाधिकाऱ्याला फोन करून, नोंद देऊन हे करता आलं पाहिजे; त्यासाठी नागपूरला जायला लागू नये. अर्थात बचावाच्या या सोयीचा बांधकाम करणारे फायदा घेतील, ‘अंडी हलवली, आता बुजवतो’ म्हणतील, हीही भीती आहे. म्हणून ही मुभा बघणाऱ्या नागरिकाला हवी, बुजवणाऱ्याला नको. त्याला एकच नियम हवा : पावसाळ्यात पाणी धरणाऱ्या खड्ड्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत हात लावायचा नाही, आणि कायमचा बुजवायचा असेल तर आधी हरकती मागवायच्या.

२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण परवानगी लागते आणि अर्जात जागेवरच्या वनस्पती-प्राण्यांची माहिती भरावी लागते. त्याहून लहान प्रकल्पांना तेवढंही नाही. पण जिथे लागते तिथे पाहणी कधी झाली ते बघा. एप्रिलमध्ये त्या प्लॉटवर गेलेल्या माणसाला करपलेलं गवत, दोन साळुंक्या आणि भेगा पडलेली माती दिसते, आणि तो खरं तेच लिहितो. बेडूक तेव्हा त्याच्याच पायाखाली वीतभर खोल असतात. सोसायटीच्या ग्रुपवर कलमं टाकणाऱ्यांना आणि लहानपण आठवणाऱ्यांना या वर्षी मिळून काही करायचं असेल, तर शेजारच्या प्लॉटचा तो अर्ज मिळवावा आणि पाहणीची तारीख वाचावी. ती जुलैची नसेल, तर हरकत लिहायला तेवढं कारण पुरेसं आहे.